कालव्यापलीकडचे आठल्ये गुरुजी

पुण्याच्या कॉलेजात हजेरी आकड्यांनी घेतात. प्रोफेसर वर न बघता आकडा म्हणतात आणि आपण बसल्या जागेवरून ‘येस सर’ म्हणायचं. टर्म सुरू होऊन बरेच दिवस झाले, तरी माझा आकडा पुकारला की तो दुसऱ्याच कुणाचा असावा असं मला वाटतं. शेजारचा मुलगा कोपरानं ढोसतो. मग मी गडबडीनं उठून उभा राहतो आणि सगळा वर्ग हसतो. इथं हजेरीला कुणी उभं राहत नाही.

उभं राहायची ही सवय आठल्ये गुरुजींनी लावलेली. त्यांच्याविषयी लिहावं असं मनात फार दिवस आहे. पण मला लिहायचा सराव नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळं असलं काही कसं लिहितात हे विचारायला घरी कुणी नाही. शिवाय गुरुजींचं चरित्रही मला ठाऊक नाही. ते कुठं शिकले, घरी कोण होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी जे पाहिलं तेवढंच सांगतो.

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता सणसरजवळ कालव्याच्या कडेला येतो. तिथं आमचं विद्यापीठ होतं. विद्यापीठ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढं येतं त्यातलं तिथं काहीच नव्हतं. पत्र्याची एक लांब पडवी, दोन खोल्या, पुस्तकांची कपाटं, स्वयंपाकाची चूल आणि पुढं कडुनिंबाची झाडं. पाटी मात्र मोठी होती. असहकाराच्या चळवळीत सरकारी शाळा-कॉलेजं सोडून बाहेर पडलेल्या मुलांसाठी काही मंडळींनी ते काढलं होतं. पुढं ती मंडळी पांगली, चळवळीचा जोर ओसरला, आणि उरलो आम्ही आसपासच्या खेड्यांतली मूठभर मुलं आणि आठल्ये गुरुजी. भाषा, इतिहास, तर्कशास्त्र, काव्य, इंग्रजी असं सगळं तेच शिकवायचे. तिथल्या पदवीला सरकारदरबारी काही किंमत नव्हती. पुढं कॉलेजात जायचं तर मॅट्रिक बाहेरून द्यावी लागे.

हे सगळं चालायचं ते गावांच्या ज्वारीवर. सुगीत खळं झालं की प्रत्येक शेतकरी एक सूप भरून ज्वारी बाजूला काढायचा. त्याला ‘इद्यापीठाचं सूप’ म्हणत. ते सूप घातल्याशिवाय रास घरी न्यायची नाही असा रिवाज पडून गेला होता.

वडील मला कळंबहून बैलगाडीतून घेऊन आले, त्या दिवशी गुरुजी पडवीच्या पायरीवर बसून उपरण्याला टाका घालत होते. उंच, वाकलेला माणूस. नाकावर चष्मा, डोक्यावर जुनी काळी टोपी. ते उभे राहिले तेव्हा टोपी पडवीच्या पत्र्याला लागली आणि त्यांनी ती सवयीनं सारखी केली.

“मुलाला कशासाठी आणलंत?” त्यांनी वडिलांना विचारलं.

“शिकून शाना हुईल म्हनून, मास्तर.”

“आणि नाही झाला तर?”

वडिलांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं. “मग हाय की उसाला पानी धरायला. आमाला कुठं तोटा हाय?”

गुरुजी एवढे हसले की त्यांच्या हातातली सुई पडली आणि मग आम्ही तिघंही ती शोधत बसलो. सुई सापडल्यावर ते म्हणाले, “कळंब, आत जाऊन आपली जागा बघ.” मला वाटलं ते गावाविषयी काही सांगताहेत. मी तसाच उभा राहिलो. तेव्हा मला कळलं की इथून पुढं माझं नाव कळंब.

सगळ्यांनाच ते गावाच्या नावानं हाक मारीत. सणसर, लोणी, कळंब. हाक आली की उठून उभं राहायचं. एकदा मी भीत भीत कारण विचारलं. ते म्हणाले, “तुझ्या ताटातली भाकरी तुझ्या गावानं दिली आहे. मी विचारलेलं तू ऐकतोस, तेव्हा तुझं गाव ऐकतं. म्हणून उठून उभं राहायचं. माझ्यासाठी नव्हे.”

गुरुजी कोकणातले, एवढं त्यांच्या बोलण्यावरून कळायचं. इतकी वर्षं ज्वारीच्या मुलखात काढूनही त्यांना भाकरी एका हातानं मोडता येत नसे. दोन्ही हातांनी, कागद फाडावा तशी ती फाडत. तिखट खाल्लं की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि “हे कवितेमुळे आलं” असं म्हणून ते पुढं जेवत. धोतर रोज स्वतः कालव्यावर धूत आणि धुता धुता शिकवत. आम्ही काठावर बसायचो. एखादा मुद्दा जोरात सांगायचा असला की धोतर दगडावर आपटायचा आवाजही मोठा व्हायचा. ऐकताना मात्र चष्मा काढून हातात धरत. “दिसलं की ऐकू कमी येतं,” असं म्हणत. त्यांनी चष्मा काढला की बोलणारा शब्द तोलून बोलू लागे, कारण आता प्रत्येक शब्द ऐकला जाणार.

आमच्या पडवीसमोर कालव्यावर दोन ओंडके टाकून केलेली पायवाट होती. तिला ते साकव म्हणत. आम्ही फळी म्हणायचो. गुरुजींचं सगळं शिकवणं त्या फळीवर होतं म्हटलं तरी चालेल. एखाद्यानं वर्गात आपलं मत सांगितलं की ते ऐकून घेत आणि म्हणत, “बरं. आता पलीकडे जा.” मग त्या मुलानं खरोखरच उठून, फळी ओलांडून, कालव्याच्या पलीकडच्या काठावर जायचं आणि तिथून ओरडून आपल्याच मताच्या विरुद्ध बाजू मांडायची. ती अशी मांडायची, की खुद्द विरोधकानं म्हणावं, मला हेच म्हणायचं होतं. ते जमलं तरच अलीकडं यायची परवानगी. पूर्वी आपल्याकडचे शास्त्री आधी पूर्वपक्ष मांडत आणि मग उत्तर देत, ते हेच, असं ते सांगत. नीट जमलं नाही म्हणून पलीकडंच बसून भाकरी खाल्लेली मुलं मी पाहिली आहेत. मीही खाल्ली आहे. रस्त्यानं जाणारे गाडीवान थांबून विचारायचे, “काय रं, मास्तरनं वाळीत टाकलं व्हय?”

एकदा गुरुजींनी एका म्हाताऱ्या ग्रीक माणसाची गोष्ट सांगितली. हा म्हातारा गावातल्या तरुण पोरांना जमवून प्रश्न विचारायचा, म्हणून त्याच्याच शहरानं त्याला विष प्यायला लावलं. लोणी भापकर गावचा मुलगा मऊ मनाचा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“लोणी,” गुरुजी म्हणाले. तो उभा राहिला. “आता पलीकडे जा. त्या न्यायाधीशांच्या बाजूनं बोल.”

“त्येंच्या बाजूनं? न्हाय बोलनार गुरुजी. उपाशी ऱ्हाईन.”

“मग कोण जातो?”

कुणी उठेना. शेवटी सणसरचा श्रीपती उठला. श्रीपतीचं घर उसाचं आणि गुऱ्हाळाचं. त्याचे वडील, तात्या, गावातले वडीलधारे गृहस्थ. विद्यापीठाचं धान्य गोळा करण्याचं काम तेच बघत. श्रीपती वर्गात फारसा बोलायचा नाही. तो फळीवरून पलीकडं गेला, काठावर बसला, गुडघ्याला उपरणं बांधलं आणि थेट तात्यांच्या आवाजात सुरू झाला:

“म्हाताऱ्या, तू वाईट हायेस असं आमी म्हनत न्हाय. पर सकाळधरनं आमची पोरं तुज्याम्होरं बसत्यात. घरी आली की बापाला उलटं इचारत्यात. बाप काम करील का उत्तरं दील? तुला परश्न इचारायला काय लागतंय? बैल आमचं उपाशी ऱ्हात्यात!”

आम्ही हसून लोळलो. लोणी रडता रडता हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला होता. श्रीपतीचं बोलून झाल्यावर चष्मा पुन्हा लावत ते म्हणाले, “सणसर, अलीकडे ये. आज मला पहिल्यांदा त्या न्यायाधीशांची दया आली.”

हा नियम ते स्वतःलाही लावत. लोणी एकदा सलग काही दिवस वर्गाला आला नाही. आल्यावर गुरुजींनी त्याला सगळ्यांपुढं फार कडक शब्दांत झाडलं. लोणीनं खाली मान घालून ऐकलं. दुपारी कळलं की त्याच्या घरची पाण्याची पाळी आली होती, चुलता आजारी होता, आणि हा एकटाच पाटावर उभा होता. तिसऱ्या प्रहरी आम्ही बघतो तर गुरुजी धोतर सावरत फळीवरून पलीकडं चाललेले. फळी ओली होती. मधेच ते डगमगले तेव्हा आम्ही धावलो, पण त्यांनी हातानं थांबवलं. पलीकडं जाऊन बसले आणि मोठ्यानं म्हणाले, “आता मी लोणी. ऐका. हे आठल्ये म्हणतात, गावाच्या भाकरीचा मान राखा. आणि गावाचं पीक वाळत असताना त्याला पाणी दिलं म्हणून रागावतात. भाकरी येते कुठून हे त्यांना माहीत आहे की नाही?” बराच वेळ ते स्वतःचे वाभाडे काढत होते. शेवटी लोणीच काकुळतीला येऊन ओरडला, “गुरुजी, बास करा! या की आता अलीकडं!”

“तू म्हणत असलास तर येतो,” गुरुजी म्हणाले, आणि आले.

आता त्या दिवसाचं सांगतो, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

त्या सुमाराला आमच्या कळंबच्या बाजूला साखरेचा कारखाना उभा राहत होता. इंजिनं, रूळ, चिमणी हे बघायला लोक गाड्या जुंपून जायचे. कारखान्यात फिटर हवेत, इंजिनवाले हवेत अशी बोलवा उठली. गावोगावी कुजबुज सुरू झाली, की सूप द्यायचंच तर विद्यापीठाच्या जागेत इंजिनाचा वर्ग काढावा. पोरं चार कविता पाठ करून काय करणार? पण गुरुजींच्या तोंडावर हे बोलायचा धीर कुणाला होत नव्हता. सगळे त्यांना मानायचे. सुगी तोंडावर आली तेव्हा सणसरच्या मारुतीच्या देवळात आसपासच्या गावांची बैठक बसली. विद्यापीठ राहणार की जाणार ते तिथं ठरायचं होतं. एका बाजूला गुरुजी आणि आम्ही मुलं, समोर शेतकरी मंडळी.

“बोला, काय म्हणणं आहे?” गुरुजींनी विचारलं. कुणी तंबाखू मळत होता, कुणी खांबाकडं बघत होता.

तात्या म्हणाले, “तसं इशेश काय न्हाय, मास्तर. जरा इचार चाललाय, एवडंच.”

“कसला?”

“आसंच आपलं.”

गुरुजी गप्प राहिले असते तर बैठक त्या ‘आसंच आपलं’वरच उठली असती आणि त्याही वर्षी सुपं आली असती. हे आम्हा मुलांनाही कळत होतं. लोणीनं तर माझ्या कानात तसं म्हटलंही. पण गुरुजींना अर्धवट मांडलेला विरोध सोसत नसे. कुणीतरी उपाशी उठून चालल्यासारखी त्यांची तगमग व्हायची.

“तुमच्या मनात काहीतरी आहे आणि ते तुम्हाला मांडता येत नाही,” ते म्हणाले. “ते नीट मांडलं गेल्याशिवाय मी उत्तर देणं हा लबाडपणा होईल. सणसर!”

श्रीपती उभा राहिला.

“पलीकडे जा.”

देवळात कालवा नव्हता. पण श्रीपतीला कळलं. त्याचं तोंड उतरलं. “गुरुजी, आज नको.”

“आजच. आणि हात राखून बोललास तर मला कळेल.”

श्रीपती देवळाच्या मधली जागा ओलांडून आपल्या बापाशेजारी जाऊन बसला. गुरुजींनी चष्मा काढला.

“मी सणसरचा मानूस म्हनून बोलतो,” श्रीपती म्हणाला. “आमी इद्यापीठाला दानं दिलं त्येचं काय न्हाय. दानं दुसऱ्या साली पुन्ना येत्यात. पर सुपासंगं आमी पोरगं बी दिलं. आमच्या गावचा पयला पोरगा हितं शिकला, आता ममईला मास्तर हाय. दिवाळीला येतो, आन् बापाला म्हनतो, पानी धरताना पायात वहाना घाला.”

मंडळी हसली. तात्याही हसले.

“वंगाळ शिकवलं असं मी म्हनत न्हाय. चांगलं शिकवलं म्हनून तर गेली पोरं. वंगाळ शिकवलं असतं तर हितंच ऱ्हायली असती. गाव दानं देतं, गाव पोरं देतं. माघारी काय येतं? इंजिनाचा वर्ग काढला तर पोरगं निदान सांजच्याला घरी तरी येईल.” इथं तो थांबला. संपलं असं वाटलं. मग खाली बघत, घाईघाईनं तो म्हणाला, “आन् मास्तर पोरास्नी गावाच्या नावानं हाक मारत्यात. मास्तर सोता कुठल्या गावचं, ह्ये तरी कुनाला ठावं हाय का?”

तात्यांनी मुलाकडं पहिल्यांदाच बघत असल्यासारखं पाहिलं.

गुरुजी उठले. बोलायला लागले ते नेहमीसारखंच. इंजिन चालवणाऱ्यालाही न्याय-अन्याय कळावा लागतो, गावाची बाजू सरकारपुढं मांडायला बोलता यावं लागतं, असं त्यांनी एकेका मुद्द्याला उत्तर दिलं, आणि लोक माना डोलवत होते. मग ते शेवटच्या मुद्द्यापाशी आले आणि थांबले. चष्मा अजून हातातच होता.

“हा जो शेवटचा मुद्दा आहे, त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. आणि तोच मुख्य आहे. उत्तर नसताना तुमचे दाणे मागणं मला शोभत नाही.” एवढं म्हणून ते खाली बसले.

बैठकीत इंजिनाचा वर्ग ठरला. आम्हाला वर्ष पुरं करू द्यायचं, तोवर सुपं यायची, असंही ठरलं. निघताना तात्या गुरुजींजवळ आले. त्यांना धड हसताही येईना आणि रडताही येईना.

“मास्तर, तुमी गप बसला असता तर आमी आनखी धा वर्सं दानं दिलं असतं. आमाला कुठं बोलाय येत हुतं?”

“म्हणून तर गप्प बसता आलं नाही, तात्या.”

“आता हितंच ऱ्हावा. घर देतो, दानं देतो. शिकवू नका काय, नुसतं बसा.”

“नुसतं बसायला मला कुणी शिकवलं नाही,” गुरुजी म्हणाले, आणि दोघं हसले.

श्रीपती त्या दिवशी जेवला नाही. आपण विद्यापीठ मारलं असं त्याच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. आम्हाला वाटलं, आता त्याची समजूत घालतील.

“सणसर, शेवटचं वाक्य घाईत बोललास. खाली बघून बोललास. ते सगळ्यांत मोठं वाक्य होतं. ते माझ्याकडे बघून, सावकाश बोलायला हवं होतं. पुन्हा बोल.”

श्रीपतीला ते पुन्हा बोलावं लागलं. गुरुजींकडं बघून, सावकाश. तिसऱ्या वेळी जमलं. “आता जेव,” ते म्हणाले.

उरलेले महिने त्यांनी एक दिवसही सैल सोडला नाही. पुण्याच्या एका कॉलेजातून त्यांना बोलावणं आल्याचं आम्हाला कळलं होतं. पगाराची, खुर्चीची जागा होती. आम्ही मनातल्या मनात ठरवलं की पुण्याला जायचं झालं तर त्यांच्याच कॉलेजात जायचं. उन्हाळ्यात वर्ष संपलं. त्यांच्या पुस्तकांची ट्रंक गाडीत घालून श्रीपती, लोणी आणि मी त्यांना पोचवायला बारामतीच्या स्टेशनावर गेलो. तात्यांनी गुळाची एक ढेप दिली होती. ती गुरुजी मांडीवर घेऊन बसले होते.

बारामतीहून दौंडला जाणारी गाडी अगदी लहान, खेळण्यातल्यासारखी. गुरुजी वाकून डब्यात शिरले आणि खिडकीशी बसले.

“पुण्यात कुठं उतरणार, गुरुजी?” मी विचारलं.

“पुण्यात गाडी बदलणार. तिथून कोल्हापूर, मग मोटारीनं घाटाखाली.” ते आमच्याकडं वळले. “देवरुखच्या पलीकडे आंबवली म्हणून एक गाव आहे. माझं. तुमच्याएवढा असताना निघालो, तो परत गेलो नाही. तिथल्याही लोकांनी दाणे दिले होते. तांदूळ.”

त्यांनी मांडीवरची गुळाची ढेप सारखी केली.

“सणसरच्या मुद्द्याला तोंडानं द्यायचं उत्तर मला सुचत नाही. जाऊन बघतो.”

श्रीपती खिडकीला धरून उभा होता. “आन् तितं कुनी इचारलं, एवडी वर्सं कुठं हुता, तर?”

गुरुजींनी चष्मा काढला. गाडीनं शिट्टी दिली. “तर पलीकडे जाऊन बसेन, आणि त्यांच्या बाजूनं बोलेन.”

गाडी हलली. आम्ही तिच्याबरोबर थोडं चाललो. ती गाडी इतकी सावकाश सुटते की बराच वेळ चालता येतं. फलाट संपला तेव्हा आम्ही थांबलो. मग श्रीपतीनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि कालव्यापलीकडून ओरडायचो तसा जोरात पुकारा केला:

“आंबवली!”

खिडकीतलं डोकं वळलं. मग गुरुजी जागेवरून उठले. डब्याचं छत बुटकं होतं, त्यांना सरळ होता येईना. तरी गुळाची ढेप छातीशी धरून, मान वाकवून, टोपी छताला टेकलेली, असे ते उभे राहिले. गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्हाला ते तसेच उभे दिसत होते.